कुत्रीच्या अंगावर गाठ लागली आहे: आधी सुई, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅब्रेडॉर कुत्री, वय ८, वजन ३६ किलो, नसबंदी झालेली नाही. आंघोळ घालताना दोन गाठी हाताला लागल्या. एक छातीच्या डाव्या बाजूला बरगड्यांवर, मऊ, लिंबाएवढी. दुसरी मागच्या उजव्या मांडीवर, दीड सेंटीमीटरची, जरा घट्ट, आणि ती कधी फुगल्यासारखी वाटते, कधी बसल्यासारखी. जवळच्या डॉक्टरांनी दोन्ही दाबून पाहिल्या आणि ‘चरबीच्या गाठी आहेत, वाढल्या तर बघू’ म्हणाले. ओळखीतल्या कुणी सांगितलं की सुई टोचली तर कॅन्सर पसरतो. तर थांबावं की ऑपरेशन करून घ्यावं?

थांबायचं की काढायचं, हे नंतर. गाठ कशाची आहे हे आधी कळायला हवं, आणि ते आज कुणालाच माहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही नाही. दाबून पाहिल्यावर गाठ मऊ आहे की टणक, हलते की खाली चिकटली आहे, गरम आहे का, दुखते का, एवढं कळतं. तिच्यात कोणत्या पेशी आहेत ते बोटांना कळत नाही, मग हात कितीही अनुभवी असो. छातीवरची गाठ चरबीचीच निघण्याची शक्यता खरोखर मोठी आहे: आठ वर्षांची, वजनाने भरलेली लॅब्रेडॉर म्हणजे लायपोमाचं, म्हणजे चरबीच्या गाठीचं, नेहमीचं गिऱ्हाईक. पण मांडीवरच्या गाठीला त्याच माळेत ओवलं, ते मला पटत नाही.

कारण सांगतो. चरबीची गाठ सकाळी मोठी आणि संध्याकाळी लहान होत नाही. असं करणारी गाठ म्हटली की पहिलं नाव येतं मास्ट सेल ट्यूमरचं. कुत्र्यांच्या त्वचेच्या घातक गाठींत हीच सगळ्यात जास्त आढळते आणि लॅब्रेडॉर, बॉक्सर, पग या जातींत तिचं प्रमाण अधिक आहे. मास्ट सेल ही ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत काम करणारी पेशी. तिच्या पोटात हिस्टामिन आणि हेपारिन भरलेले बारीक दाणे असतात. गाठ चोळली गेली, कुत्रीने चाटली किंवा तुम्ही चारदा दाबून पाहिली की ते दाणे फुटतात आणि आजूबाजूची कातडी लाल होऊन सुजते. दोन दिवसांनी सूज उतरते आणि घरच्यांना वाटतं, गाठ बसली. आत पेशी होत्या तेवढ्याच राहतात. तुमच्या कुत्रीला हेच झालं आहे असं मी म्हणत नाही. किडा चावल्यावरही असं फुगतं-बसतं. पण ही शक्यता बाजूला सारल्याशिवाय ‘वाढली तर बघू’ म्हणता येणार नाही. आजपासून ती गाठ दाबून पाहणं घरात सगळ्यांनीच बंद करा.

दवाखान्यात जाण्याआधी घरी अर्धा तास काढा. तिला कुशीवर झोपवा, उजेड चांगला हवा. जबड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत दोन्ही हातांची बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा. पंजांच्या बोटांमधल्या खाचा, काखा, जांघा, शेपटीखालचा भाग सोडू नका. ओठ वर करून हिरड्या पाहा. पुष्कळदा गाठ म्हणून दाखवायला आणलेली गोष्ट गाठ नसतेच: रक्त पिऊन फुगलेली गोचीड असते, शेवटच्या बरगडीचं टोक असतं, किंवा नर कुत्र्याचं स्तनाग्र असतं. गोचिडीचे पाय कातडीलगत दिसतात; ती चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढून काढायची. त्या जागी छोटी टणक गाठ दोन-तीन आठवडे राहू शकते. लसीच्या इंजेक्शनच्या जागीही अशीच टणक गाठ येते आणि सहसा काही आठवड्यांत जिरते. महिना उलटूनही राहिली तर तीही दाखवायची.

या तपासणीत दोन जागा मुद्दाम पाहा. पहिली, लसिका ग्रंथींची: जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे, मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे. निरोगी कुत्र्यातही त्या शेंगदाण्याएवढ्या हाताला लागू शकतात. दोन्ही बाजूंच्या, तीन-चार ठिकाणच्या एकदम मोठ्या आणि टणक झाल्या असतील, दाबल्यावर दुखत नसतील, तर ती साधी गाठ नव्हे. एक शक्यता लिम्फोमाची, म्हणजे या ग्रंथींच्या कॅन्सरची, दुसरी आपल्याकडच्या गोचीडतापाची. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत, म्हणून लगेच जायचं.

दुसरी जागा स्तनांची. तुमच्या कुत्रीची नसबंदी झालेली नाही, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. पाच जोड्या असतात, गाठी बहुतेक मागच्या दोन जोड्यांत येतात. प्रत्येक स्तन अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरून हलकेच चाचपायचा. आत तांदळाच्या दाण्याएवढं काही टणक लागलं तरी लिहून ठेवायचं. स्तनांच्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या घातक निघतात, आणि तीन सेंटीमीटरच्या आत असताना काढलेल्यांचा निकाल मोठ्या गाठींपेक्षा पुष्कळ बरा असतो. अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्र्यांमध्ये स्तनांच्या गाठींचा धोका नसबंदी न झालेल्यांच्या धोक्याच्या ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के दिसला. हे आकडे जुने आहेत आणि त्यांच्या नेमकेपणाबद्दल पुढे वादही झाले, पण दिशा तीच राहिली. घरात पिल्लू असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांकडे वेळेत काढावी. मोठ्या जातींत फार लवकरच्या नसबंदीचा सांध्यांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे नेमकं वय जात पाहूनच ठरतं.

सापडलेली प्रत्येक गाठ कागदावर उतरवा. कुत्र्याची वरून आणि खालून दोन साधी चित्रं काढून त्यावर खूण करा, बाजूला तारीख, लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. माप पट्टीने घ्या, अंदाजाने नको. फोटो काढताना गाठीशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे पुढच्या फोटोशी तुलना करता येते. ‘लिंबाएवढी’ म्हटलं तर दोन महिन्यांनी कोणतं लिंबू, हे कुणालाच आठवत नाही. आणि व्यास फसवतो: एक सेंटीमीटरची गोल गाठ दोन सेंटीमीटरची झाली म्हणजे दुप्पट नाही, आठपट झाली.

आता सुईबद्दल. दवाखान्यात गेल्यावर स्पष्ट शब्दांत सांगा: दोन्ही गाठींची सुईने तपासणी करायची आहे, एफएनएसी. व्यवहारातला नियम सोपा आहे. गाठ एक सेंटीमीटरहून मोठी आहे किंवा महिनाभर टिकली आहे, तर सुई घालायची. त्याहून लहान असली तरी वाढत असेल, रंग बदलत असेल, खाजत असेल किंवा तुमच्या मांडीवरच्या गाठीसारखी फुगत-बसत असेल, तर महिना मोजत बसायचं नाही.

यात घाबरण्यासारखं फार काही नाही. २२ किंवा २३ गेजची साधी सुई वापरतात, म्हणजे मागचं प्लास्टिक काळं किंवा निळं असलेली. भूल बहुतेक वेळा लागत नाही. लस टोचताना जेवढं जाणवतं तेवढंच. गाठ दोन बोटांत घट्ट धरून सुई आत घालतात आणि बाहेर न काढता वेगवेगळ्या दिशांनी आठ-दहा वेळा मागेपुढे करतात. पेशी सुईच्या पोकळीत शिरतात. मग हवा भरलेली सिरिंज जोडून तो थेंब काचेवर उडवतात, दुसऱ्या काचेने हलकेच पसरतात आणि हवेत वाळवतात. एका गाठीच्या निदान चार स्लाइड हव्यात, त्याही गाठीच्या दोन-तीन भागांतून. प्रत्येक गाठीला नवी सुई, आणि स्लाइडवर कोणती गाठ ते पेन्सिलीने लिहिलेलं. छातीची आणि मांडीची स्लाइड अदलाबदल झाली तर पुढचं सगळंच चुकतं.

नमुना वाया जाण्याची कारणं ठरलेली आहेत. सिरिंजने जोरात ओढलं की नुसतं रक्त येतं. स्लाइड दाबून पसरली की पेशी फाटतात. सोनोग्राफीची जेली पुसली नाही तर रंग नीट बसत नाही. आणि एक चूक फार होते: पेशींच्या स्लाइड आणि फॉर्मालिनची (काढलेला तुकडा टिकवण्याच्या द्रावणाची) बाटली एकाच पिशवीतून लॅबला जातात. नुसत्या वाफेनेही स्लाइड खराब होते. दोन्ही पाठवायचं असेल तर वेगवेगळ्या पिशव्यांतून, वेगवेगळं.

चरबीच्या गाठीची स्लाइड डोळ्यांनाही वेगळी दिसते. थेंब तेलकट चकाकतो आणि वाळतच नाही. रंगवताना अल्कोहोलमध्ये बरीचशी चरबी धुऊन जाते. पण इथे एक मेख आहे. कातडीखाली चरबीचा थर असतोच आणि जाड लॅब्रेडॉरला तर भरपूर. खोल गाठीपर्यंत सुई पोचलीच नाही तरी रिपोर्ट ‘चरबी’ असा येतो. म्हणून रिपोर्ट हाताला जुळतो का हे पाहायचं. गाठ मऊ, कणकेच्या गोळ्यासारखी आणि सहज सरकणारी असेल तर चरबी पटते. गाठ टणक किंवा खालच्या स्नायूला चिकटलेली असेल आणि रिपोर्ट चरबीचा असेल, तर सुई पुन्हा, लागलं तर सोनोग्राफीत पाहत घालायची.

मास्ट सेलच्या पेशी जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या दिसतात आणि बहुतेक वेळा पहिल्याच स्लाइडवर ओळखू येतात. झटपट रंगात काही वेळा ते दाणे उमटत नाहीत; शंका राहिली तर गिम्सा किंवा टोल्युडीन ब्लू वापरायला सांगता येतं. अशा गाठीला सुई लागल्यावर ती तासाभरात फुगू शकते, निळी पडू शकते, रक्त जरा जास्त वेळ येऊ शकतं. म्हणून सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा आणि तिला चाटू देऊ नका. आधीच शंका असेल तर डॉक्टर अँटिहिस्टामिनचं इंजेक्शन देऊन मगच सुई घालतात.

सुईने सगळंच कळतं असं नाही. तंतुमय गाठींतून, विशेषतः सॉफ्ट टिश्यू सार्कोमातून (मऊ ऊतींच्या कॅन्सरमधून), पेशी सुटून येत नाहीत आणि रिपोर्ट ‘अपुरा नमुना’ असा येतो. त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावू नका. त्यावर उपाय बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा. स्तनांच्या गाठींतही सुईवरून साधी की घातक हे खात्रीने सांगता येत नाही. तिथे गाठ काढून पूर्ण तपासणं हाच मार्ग.

आता ‘सुई टोचली तर पसरतं’ हे. त्वचेवरच्या आणि त्वचेखालच्या गाठींसाठी ही भीती बाळगू नका. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये पोटातून सुई घातली तर तिच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तिथे टाळतात. बाहेरच्या गाठींत न तपासता सहा महिने घालवण्याचा धोका सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

बाकी कुत्र्यांच्या बाबतीत बरंच काही वय, जागा आणि राहणीवर ठरतं. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर अचानक आलेली लाल, बिनकेसांची, बटणासारखी गाठ बहुतेक हिस्टिओसायटोमा नावाची साधी गाठ असते. सुईने खात्री केली की ती दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते का ते पाहता येतं. पिल्लाच्या ओठांवरच्या आणि तोंडातल्या विषाणूच्या चामखिळीही सहसा काही महिन्यांत गळून पडतात. कोपरावर पाण्याची मऊ सूज म्हणजे हायग्रोमा: मोठी कुत्री फरशीवर आदळून बसतात त्याने होतो, आणि जाड गादी हाच त्यावरचा इलाज. सुईने पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं, वर जंतू शिरण्याची भीती. चावाचावीनंतर दोन-तीन दिवसांत वाढलेली, गरम, दुखरी गाठ गळूची असते. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर जातो, ते डॉक्टरांकडून फोडून धुऊन घ्यायचं. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराभोवतीच्या गाठी बऱ्याचदा साध्या असतात आणि नसबंदीने आक्रसतात, पण तिथल्याच ग्रंथींचा कॅन्सरही असतो, म्हणून तिथेही सुई हवीच.

भटक्या कुत्र्यांत मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या जननेंद्रियावर दाणेदार, लालसर, हात लावताच रक्त येणारी वाढ दिसली तर टीव्हीटीचा (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर) विचार आधी करायचा. हा कॅन्सर समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्यात रुजून पसरतो; नाकातही होतो आणि तेव्हा नुसतं नाकातून रक्त येतं. दिसायला भयंकर, पण बरा होण्याच्या बाबतीत सगळ्यांत आशादायक. व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं लागतात. ती शिरेतच गेली पाहिजेत. शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी कातडी सडते. दोन डोसांनंतर गाठ दिसेनाशी झाली म्हणून उपचार सोडणारे खूप असतात आणि गाठ परत येते. गल्लीतल्या कुत्र्यावर उपचार करणाऱ्यांनी सगळे आठवडे पुरे करायची सोय आधीच पाहून ठेवावी.

काय करू नये, यात मला सर्वांत जास्त काळजी स्टेरॉइडची वाटते. ‘सूज उतरवायला’ म्हणून प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिलं जातं. लिम्फोमा आणि मास्ट सेल दोन्ही त्याने तात्पुरते आक्रसतात, मग सुईच्या नमुन्यात निदान सापडत नाही, आणि लिम्फोमा पुढच्या केमोथेरपीला दाद देईनासा होऊ शकतो. नमुना घेतल्याशिवाय स्टेरॉइड नको, हे तुम्ही नम्रपणे पण ठामपणे सांगू शकता. चुना, हळद-तेलाचा लेप, तंबाखू, चामखिळीला दोरा किंवा केस आवळून बांधणं, हे सगळं टाळा. कुत्री चाटते, चुन्याने भाजते, दोऱ्याखाली जखम सडते आणि पावसाळ्यात तिथे अळ्या पडतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक विशेषतः, कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात.

आणि ‘कशाला तपासण्या, काढूनच टाकू’ हेही नको. चरबीची गाठ असेल तर अगदी कडेने सोडवून काढता येते. मास्ट सेल असेल तर बाजूची दोन-तीन सेंटीमीटर निरोगी कातडी आणि खालचा स्नायूवरचा एक पूर्ण पडदा बरोबर काढावा लागतो. मांडीवर तेवढी कातडी मोजकीच असते. कल्पना नसताना कडेने काढली, पेशी मागे राहिल्या, की दुसरं ऑपरेशन जुन्या व्रणासकट आणखी मोठं करावं लागतं. पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते, म्हणून त्याआधी नाव माहीत हवं.

ऑपरेशन ठरलं तर भूल देण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या: हिमोग्राम, यकृत, मूत्रपिंडं. आपल्याकडे प्लेटलेट्सवर खास लक्ष द्या. एर्लिकिया हा गोचीडताप बाहेरून काहीच न दाखवता महिनोन्‌महिने शरीरात राहतो आणि प्लेटलेट्स उतरवतो. हे टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. घातक गाठीची शंका असेल तर जवळची लसिका ग्रंथीही सुईने तपासायची. स्तनांच्या गाठींत छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढायचे. मास्ट सेलमध्ये जादा हिस्टामिनमुळे पोटात व्रण होऊ शकतात, म्हणून जठराचं आम्ल कमी करणारं औषध आधीपासून सुरू करतात.

काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, टाकू देऊ नका. ती अख्खी दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रावणात, रुंद तोंडाच्या डब्यात गेली पाहिजे. अरुंद बाटलीत कोंबलेली गाठ आत कडक होते, बाहेर निघत नाही, आणि मधला भाग फॉर्मालिन न पोचल्याने सडतो. एका कडेला टाक्याची खूण असली तर पेशी कोणत्या बाजूला उरल्या ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येतं. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीचं नाव, ग्रेड (घातकपणाची पातळी), आणि कडा स्वच्छ आहेत का, किती मिलिमीटरने. मास्ट सेलच्या रिपोर्टवर १९८४ ची पॅटनाइक पद्धत, म्हणजे एक ते तीन ग्रेड, आणि २०११ ची किउपेल पद्धत, म्हणजे कमी किंवा जास्त, अशा दोन्ही नोंदी असू शकतात. पुढे केमोथेरपी लागेल का, हे मुख्यतः त्यावर ठरतं.

तुमच्या जवळच्या दवाखान्यात सुईची सोय नसेल, तर नमुना तिथे घेऊन स्लाइड खासगी लॅबला पाठवता येतात. नाहीतर परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा विचार करा; तिथे रुग्णालय आणि पॅथॉलॉजी विभाग एकाच आवारात असतात. खर्च गावागणिक बदलतो, पण सुईची तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि ऑपरेशन सगळ्यांत महाग, हे सगळीकडे सारखंच.

तुमच्या कुत्रीसाठी माझा क्रम असा: मांडीच्या गाठीला याच आठवड्यात सुई. त्याच भेटीत छातीच्या गाठीलाही, आणि स्तनांची तपासणी डॉक्टरांकडून पुन्हा. छातीची चरबीचीच निघाली, हाताशीही जुळली आणि चालताना पुढच्या पायाला अडथळा नसेल, तर काढू नका. वजन कमी करा, दर महिन्याला माप घ्या, आणि वाढ दिसली किंवा घट्टपणा आला तर सुई परत. मांडीची मास्ट सेल निघाली तर काही आठवडे न घालवता, रुंद कडा राखून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची वेळ घ्या. दरम्यान उलट्या सुरू झाल्या, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तोंड सुजलं किंवा गाठीतून रक्त थांबेना, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.